काय बघितलं?

“या घरात कुणी ‘बघितलं’ म्हणालं, की काय बघितलं ते विचारत जा,” चपला शोधता शोधता सासूबाई म्हणाल्या.

“हो आई,” म्हणत ती सोफ्यावर जाऊन बसलीसुद्धा. असल्या सूचना त्या उठता-बसता द्यायच्या. सगळ्या मनावर घेतल्या असत्या तर श्वास घ्यायलाही वेळ उरला नसता.

उद्यापासून तिला कामावर जायचं होतं. बाळंतपणाची रजा संपली होती, पण घराबाहेर पाऊल निघेल याची खुद्द तिलाच खात्री नव्हती. म्हणून नवऱ्याने आज रंगीत तालीम ठेवली होती. तिने एक अख्खा सिनेमा बसून बघायचा आणि बाळाकडे बाकीच्यांनी बघायचं. जमलं, तर उद्या जायचं. नाहीतर रजा वाढवून मागायची. ऑफिसात वाढीव रजेचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. परत यावं तर आपल्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी असतं.

बाळ आतल्या खोलीत होतं. घरात सगळे त्याला ‘गाठोडं’ म्हणायचे. पडदे ओढलेले, दोन्ही बाजूंना लोड, अंगावर निळं पांघरूण. थोपटून थोपटून तिचा हात दुखला, तेव्हा कुठे डोळे मिटले होते.

सिनेमा नणंदेने निवडला होता. ती कॉलेजात सिनेमा शिकवायची. जगभर बक्षिसं मिळालेला सिनेमा, असं तिने चहाच्या वेळी दोनदा आणि चहानंतर एकदा सांगितलं होतं. पडद्यावर एक म्हातारा रिकाम्या घरात खुर्चीवर बसला होता. बसलेलाच होता. दारातून सासूबाई काहीतरी म्हणाल्या. नणंदेने “शूऽऽ” केलं आणि सासऱ्यांनी मान न वळवता “हो, हो” म्हटलं.

मग कुठूनतरी चाकांची करकर आली आणि हळूहळू लांब गेली.

नणंदेने तिचा हात दाबला. “ऐकलंस, वहिनी? मुलगा घर सोडून गेला. गाडी दाखवली नाही, नुसती ऐकवली. याला म्हणतात दिग्दर्शन.”

तिला अंगावर काटा आल्यासारखं वाटलं. निदान यायला हवा होता, असं वाटलं.

सासऱ्यांवर मात्र काही परिणाम झाला नाही. नुसतं बसायचं बक्षीस मिळत असेल तर निवृत्तीपासून आपण फुकटच बसलोय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“बाबा, तो काही करत नाहीये, हेच तर तो करतोय.”

“पण तुला स्वतःला काय दिसलं, ते सांग. पेपरवाल्यांना काय दिसलं ते नको.”

नणंद लगेच प्रकाशयोजनेबद्दल बोलू लागली. नवरा जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने मान हलवत होता.

तिची चुळबुळ सुरू झाली. आतून काहीच आवाज नव्हता. गाठोडं एवढा वेळ कधी झोपतं? ती उठणार, तोच नवऱ्याने तिला खांदा धरून बसवलं आणि स्वतः आत डोकावून आला.

“गाढ. हलतसुद्धा नाहीये.”

“हलत नाहीये?”

“म्हणजे हलतोय. हवा तेवढा.”

थोड्या वेळाने सासरे जाऊन आले. चष्मा टीपॉयवरच होता. झोप माझ्यावर गेलीय, म्हणाले. कशी ऐसपैस, बेफिकीर. मध्यंतराच्या सुमारास नणंद गेली, ती तर गहिवरूनच परतली. “झोपेत हसत होता गं. काय चेहरा आहे! कॅमेरा लावावासा वाटला.”

तरी तिला राहवलं नाही. पाणी पिण्याच्या निमित्ताने ती उठली. अंधारात आत पाऊल टाकलं तर जागा होईल, म्हणून दारातच थांबली. निळं पांघरूण दिसलं. कान देऊन ऐकलं. श्वास ऐकू आला, संथ, एका लयीत. आईला तो बरोबर ऐकू येतो. ती चोरपावलांनी परतली आणि कितीतरी महिन्यांनी पाय वर घेऊन बसली.

सिनेमा संपला तेव्हाही म्हातारा बसलेलाच होता. वाद नव्याने पेटला. नणंद म्हणाली की बघणाऱ्याला डोळे हवेत. सासरे म्हणाले की एकाने वा म्हटलं की दुसऱ्याला म्हणावंच लागतं, तिसऱ्याची तर धडगतच नाही. “त्यापेक्षा आमचा नातू बरा. काही न करता पडलाय, आणि सगळं घर खूश.”

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. “मग? तालीम पास?”

ती हसली. मनावरचं ओझं खरंच उतरलं होतं. “पास. उद्या जाते मी. तुम्ही सगळे इतकं बघताय, मी उगाच घाबरत होते.”

तेवढ्यात चाकांची करकर ऐकू आली.

नणंदेने काळ्या टीव्हीकडे पाहिलं. करकर जवळ आली, दाराशी थांबली. दार उघडलं आणि तेल घालायची राहून गेलेली बाबागाडी ढकलत सासूबाई आत आल्या. गाडीत गाठोडं टक्क जागं होतं. एक मोजा गायब, तोंडात किल्ल्यांचा जुडगा.

“तुम्ही टीव्हीसमोर बसलात आणि याने डोळे उघडले. बागेत नेते म्हणून सांगितलं, कुणीतरी हो हो म्हणालं,” चपला काढत सासूबाई म्हणाल्या. “पांघरूण राहिलंय बघ लोडावर.”

मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

“हं. काय काय बघितलं?”

आणि हे वाचत बसलेले तुम्ही, आत कोण झोपलंय म्हणालात? जरा उठा, बघून या. दारातून नको.