फियाटीतली हवा

आक्काला नववा लागला. बाळंतपणाला माहेरी आणायचं, तर हटून बसली, "आण्णांच्या जुन्या फियाटीतनंच येणार." डॉक्टरबाई म्हणाल्या, हादरे नकोत. म्हणून निघताना बावड्यात चाकांतली हवा बघायला थांबलो. हवावाला जयपालदा म्हणाला, "असल्या गाडीला चोवीस बरोबर." "चोवीसवर लई उडती. वीस कर." "वीसवर पळवलीस तर वळणाला झोकांडी खाईल." "मला कुठं पळवायचीय?" "मग अठरा करतो, ढकलत ने." वीसच केली. मलकापुरात तिच्या सासरी जाऊन आक्काला मागं बसवलं. गाडी पाळण्यागत चालली. दर खड्ड्याला विचारायचो, "दुखलं काय?" "गप चालीव." मग तीच गप झाली. सीट धरून म्हणाली, "कळा येत्यात रं. पळीव." पळवली, तर वळणाला गाडी डुलली. पंपावर घातली. हवा भरणाऱ्यानं विचारलं, "किती ठेवू, पावणं?" मागनं आक्का ओरडली, "बाळ व्हायच्या आत भरंल तेवढी भर."