एक रोप कमी

बांधावरच्या आंब्याखाली निकिता रडकुंडीला आली होती. स्कॉलरशिपची परीक्षा रविवारी होती. चाळीस मीटर रस्त्यावर दर पाच मीटरला एक झाड, दोन्ही टोकांनाही झाडं, तर एकूण झाडं किती? तिचं उत्तर आठ येई, पुस्तकात नऊ होतं.

"आबा, आजी असती तर तिनं सांगितलं असतं."

तिच्या आजोबांनी, आप्पासाहेबांनी खुरपं उचललं, मातीत रेघ ओढली आणि दर पाच मीटरला एक असे खडे मांडले. निकितानं मोजले. नऊ भरले.

"हे आजीनंच शिकवलं," ते म्हणाले. "ह्या बांधासाठी मीबी एक रोप कमी आनलं हुतं. तिनं अशीच रेघ वढली. म्हनली, 'आवो, मॅट्रिक झाला न् टोकाचं झाड इसरला!' तवाच्या तवा परत नर्सरीत धाडलं. लई चिडलो हुतो मी."

"मग ते रोप?"

आप्पासाहेबांनी पाठीमागच्या खोडावर हात ठेवला.

"बाकीची समदी दुष्काळात गेली. ह्याला ती रोज भांडी धुतल्यालं पानी घालायची. घे पुढचं गनित. सावली लई हाय."