थांब, आईला देतो

वृंदानं फोन लावला की अप्पा उभ्याउभ्याच "बरी आहेस ना?" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणत, "थांब, आईला देतो." वर्षानुवर्षं बापलेकीचं बोलणं एवढंच.

आई जाऊन तीन महिने झाले होते. तरी आजही ते सवयीनं म्हणून गेले, "थांब, आईला देतो." त्यांच्या सपाता स्वयंपाकघरापर्यंत वाजत गेल्या आणि दाराशी थांबल्या.

"मला करमत नाही गं," ते म्हणाले.

नेहमीचं "मी मजेत आहे" तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "अप्पा, दोन महिने झाले, मी नवऱ्यापासून वेगळी राहतेय. आई असती तर तिला सांगितलं असतं."

"थांब, खुर्ची घेतो," अप्पा म्हणाले. "हं. आता मला सांग."