दुबईचा पिकअप

किसन दुकानात शिरला आणि दारातच थिजला. भीमरावच्या पुढ्यात गिटारचा दुबईचा पिकअप फाडलेला पडला होता.

“दादा, काय केलंस हे?”

“मध्ये बोलू नको. सहा हजार फेरे झालेत, मोजतोय.”

“अरे, तुला नुसता बघायला दिलेला! बघून माझ्या गिटारला तसा एक बनव म्हटलं होतं. हा मास्तरचा आहे ना!”

भीमरावचा हात थांबला. शहाड स्टेशनाजवळ त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. बारा वर्षं तो एकच काम करत आला. जळकी मोटर आली की ब्लेड लावायचं, जुनी तार उलगडायची, फेरे मोजायचे, नवी भरायची. टेबलावर आलेली वस्तू चालू असू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. केसाहून बारीक तार, मध्येच दोन ठिकाणी तुटकी निघाली, तरी हा शिव्या हासडत मोजतच राहिला.

“चुंबक आणि तांब्याची तार,” तो पुटपुटला. “ह्याला तुझ्या मास्तरनं चार हजार मोजले. चाळीसचा माल नाही.”

“तोंड सांभाळ. त्या आवाजासाठी कल्याणवरनं लोक येतात.”

ते खरं होतं. शंकरराव मास्तर म्हणजे बुवापाड्यातल्या ऑर्केस्ट्राचा मालक. दुबईत दोन वर्षं वेल्डिंग करून परत येताना ही सोनेरी डबी घेऊन आला आणि आपल्या गिटारच्या तारांखाली बसवली. तारेचा आवाज पकडून अँप्लिफायरला देणारी ती डबी. तिच्या खालच्या बाजूला, तारा संपतात तिथं, काळा पिकअप तसाच होता, गिटारबरोबर आलेला. दोन्हींतला कुठला वाजेल ते ठरवणाऱ्या स्विचवर मास्तरनं चिकटपट्टी मारून ठेवली होती. “आवाज सेट केलाय. हात लावायचा नाय,” असा सगळ्यांना दम.

आणि ह्या वर्षी, शताब्दीच्या भीमजयंतीला, मास्तरनं पहिल्यांदाच सांगितलं होतं, लीड गिटार किसन वाजवणार. तारा बदलायला गिटार घरी दिली होती. चार दिवसांत परत द्यायची होती. पोरगं सात वर्षं मागं बसून कॉर्ड धरत होतं, तेव्हा कुठं हा दिवस आला.

“कळलं तर मला हाकलेल तो,” किसन म्हणाला. “बुवापाड्यात तोंड दाखवायची सोय राहायची नाही.”

“कळणार नाही. भरून देतो.”

भीमरावनं मुंबईहून सर्वात बारीक तार आणवली. श्वास रोखून डबी भरली. किसननं ती गिटारला बसवली, घाईत पट्टी ओढून स्विच डबीच्या बाजूला ढकलला आणि तार छेडली.

वाजला.

“बघ! काय म्हटलं होतं?”

किसनचं तोंड उतरलेलंच. “वाजतोय रे. पण हा मास्तरचा आवाज नाही. तो कसा खणखणीत, सुरीसारखा. हा गोल येतोय.”

“कानात मळ असेल तुझ्या.”

“तू ऐक ना.”

भीमरावनं ऐकलं. पोरगं खरं बोलत होतं. त्यानं पुन्हा उलगडला, शंभर फेरे कमी भरले. मग दोनशे जास्त. तिन्ही वेळा तोच गोल आवाज. शेजारच्या दुकानातला सिंधी डोकावून म्हणाला, “भीमराव, फॉरेन तो फॉरेन है, साईं.” बारा वर्षांत पहिल्यांदा भीमरावला आपल्या हातांचा भरवसा वाटेना. म्हणजे त्या चार हजारांत काहीतरी होतंच. आपण ते ब्लेडनं कापून भंगारात टाकलं.

चौथ्या दिवशी दोघं भाऊ बुवापाड्यात गेले.

“जय भीम, मास्तर.”

“जय भीम. भीमराव पण आलास? बस, बस.”

मास्तरची बायको सुंदराबाई चहा घेऊन आली. “ठेवा ती डबी जपून,” ती हसत म्हणाली. “माझ्या स्वयंपाकघराचा ओटा गिळलाय तिनं. पालेगावच्या जागेचा बयाणा पण. नऊ वर्षं मी खाली बसून भाकऱ्या थापतेय.”

“गप गं,” मास्तर म्हणाला. “चारचौघांत मान आहे तो कशामुळं?”

ती आत गेली. मास्तरनं गिटार घेतली, अँप्लिफायर लावला. एक सूर छेडला आणि थांबला. त्याची नजर स्विचवर गेली.

“पट्टी कुणी काढली?”

मास्तरनं पुन्हा वाजवलं, या वेळी हळू, सबंध ओळ. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“हा पिकअप माझा नाही.”

“तोच आहे, मास्तर,” किसन म्हणाला.

“मला शिकवतोस? हा माझा नाही. कुठनं आणलास?”

भीमराव उठून उभा राहिला. “मास्तर, पोराची चूक नाही. मी उलगडला. सवयीनं ब्लेड लावलं. तुमची फॉरेनची तार भंगारात गेली, आत आता माझी तार आहे. तुम्ही सांगाल ते भरून देतो, पण ह्याला काढू नका. जयंतीला वाजवू द्या.”

मास्तर त्याच्या हातांकडं बघत राहिला. मग उठला, स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला आणि भीमरावला खेटून बसला.

“हळू बोल, तिला ऐकू जाईल,” तो कुजबुजला. “दुबईहून आणला त्याच महिन्यात हा मुका झाला. नऊ वर्षं तुम्ही ज्या आवाजाला माना डोलावताय, तो खालच्या काळ्याचा आहे.”