नावेत बसून

“नावंत बसलीस आन् नाव घेत न्हाईस व्हय गं?” कडूबाई म्हणाली, आणि होडीतल्या घोडेगावच्या बाया खो खो हसल्या.

नावाडी कानिफनाथानं नुसतं विचारलं होतं, “पल्याड कंच्या देवळाला?” साळूबाई पुढंच बसली होती. “टोक्याच्या म्हादेवाला,” एवढं म्हणून तिनं पुढचं नाव गिळलं. कारण तेच नाव तिच्या नवऱ्याचं! आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात, एरवी जीभ चावायची.

खरं तर तो देव साळूबाईच्या माहेरचा. परकरी वयात ती घाटावर उभी राहून त्या नावानं अशी हाक मारायची, की पल्याडच्या काठावर ऐकू जायची. लग्न झालं आणि स्वतःच्या देवाचं नाव तोंडातून गेलं. बरं, ज्याच्यापायी गेलं, त्या बाबानं सात वर्षांमागं दुसरी केली आणि टोक्यालाच बिऱ्हाड थाटलं. साळूबाई घोडेगावात त्याच्या आईचं हगणंमुतणं काढत राहिली आणि नाव न घ्यायचं पाळत राहिली. जळो मेली ती रीत!

आता खाली पैठणला धरण होत होतं. पाणी घाटावर चढणार, असं जो तो म्हणत होता. म्हणून तर महिला मंडळानं नदीकाठापर्यंत ट्रक करून सहल काढली. पाणी चढायच्या आत एकदा, एकदाच, देवाला त्याच्या नावानं हाक मारायची, असं साळूबाईनं मनाशी ठरवलं होतं. आणि होडीतच जीभ अडली.

बाया टोक्याला उतरल्या. घाट चढल्या, भिंतीवरची नक्षी बघत “अगं बया!” म्हणत थबकल्या. साळूबाई मात्र खालच्या पायऱ्यांवरच थांबली. पायरीवर नवरा तंबाखू मळत बसला होता. शेजारी ती दुसरी.

तो उठून आडवा आला.

“कुनाला इचारून आलीस? माज्या आईला कुनाच्या भरवशावर टाकलंस? चल, हो माघारी!”

साळूबाईचे पाय सवयीनं वळले. एक पायरी उतरलीसुद्धा. मग ती थांबली. माझ्या आईला म्हणे! तिला एकाएकी हसूच आलं. तिनं पदर कमरेला खोचला, नवऱ्याला वळसा घालून वर गेली, देवळाकडं तोंड केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

“सिद्धेश्वराऽऽ!”

घाट दणाणला. कडूबाईनं तोंडावर हात ठेवला. नवऱ्याच्या तळहातावरची तंबाखू सांडली. बायकोच्या तोंडून उभ्या जन्मात न ऐकलेलं ते ऐकून तो पुरता बावचळला आणि बोलून गेला, “ओ?”

साळूबाईनं मान तेवढी वळवली.

“तुला न्हाई रं. देवाला हाक मारली.”