हैदराबादचा फॉर्म

साल २००६. तेलगावात घरी कम्प्युटर आणि ब्रॉडबँड घेणारे केदारनाथअप्पा पहिलेच, तेही लेकीसाठी. रुद्राणी बारावीला तालुक्यात पहिली आली, तेव्हा दुकानात येईल त्याच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला होता.

आता तिला हैदराबादच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिथला फॉर्म इंटरनेटवरूनच भरायचा होता. पण आठवडाभर घरचा फोन मुका होता आणि पान अर्धंच उघडायचं आणि तिथंच अडकून बसायचं. तिनं वायर बदलली, मैत्रिणीकडचा मोडेम आणून लावून पाहिला, उंदरानं कुठं कुरतडलंय का ते रांगत जाऊन बघितलं. शेवटी म्हणाली, "अप्पा, बीडला कॅफेत जाऊन भरते."

"घरात नेट असताना कॅफेत कावून जायचं? तक्रार दिलीय मी. लाइनमन येईल."

वाट बघता बघता मुदत संपली. मग रुद्राणी स्वतःच टेलिफोन ऑफिसात गेली आणि लाइनमनला घेऊन आली.

त्यानं दहा मिनिटांत सांगितलं, "खांबापासून लाइन एकदम झकास हाय, ताई. घरातच कुणीतरी दुसरा फोन जोडलाय आन् त्याचा रिसीव्हर काढून ठेवलाय. त्यानंच स्पीड मरतोय."

वायरचा माग काढत दोघं आतल्या खोलीत गेले. वायर अप्पांच्या कुलूपबंद कपाटात शिरली होती.

अप्पा दारात येऊन उभे होते. रुद्राणीनं त्यांच्यापुढं किल्लीसाठी हात केला.



अप्पा खाली बघत म्हणाले, "हैदराबाद लई लांब हाय, बाळा."