नावाऐवजी नंबर

"यंदापासून कुंड्यांवर नावं नकोत, फक्त नंबर," गुलाबप्रेमी मंडळाचे साधे सभासद पेंढारकर सभेत उठून म्हणाले. परीक्षक नाव वाचूनच अध्यक्षांना करंडक देतात, हे अठरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आता मात्र भराभर हात वर झाले. पहिला हात खुद्द अध्यक्ष अण्णासाहेबांचा होता.

प्रदर्शनात करंडक सात नंबरला, म्हणजे पेंढारकरांनाच मिळाला. अण्णासाहेबांच्या गुलाबाला उत्तेजनार्थसुद्धा काही नाही. 'जिरली!' पेंढारकर मनातल्या मनात म्हणाले. तेवढ्यात अण्णासाहेब आपली कुंडी पोटाशी धरून समोर आले.

"पेंढारकर, खरं सांगा. माझे गुलाब पहिल्यापासून असेच होते?"

"म्हणजे... तसे साधारणच."

"अहो, मग बोलायचं नाही का! मला आपलं वाटायचं, जमतंय. अठरा वर्षांत शिकलो असतो की हो!" अण्णासाहेबांनी कुंडी दुसऱ्या हातात घेतली. "रविवारी येऊ तुमच्याकडे, शिकायला?"

"या," पेंढारकर कसेबसे म्हणाले. दरवर्षी अण्णासाहेब करंडक घेताना पहिल्या रांगेत बसून सर्वांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.